उभी गाडी

टायरवाला उकिडवा बसला आणि त्याने पुढच्या टायरच्या बाजूवर अंगठा दाबला. दाबल्यावर रबरात बारीक बारीक भेगा उघडल्या, सोडल्यावर मिटल्या. मग त्याने अंगठा खाली रिमजवळ नेला. तिथली भेग मात्र मिटायचं नाव घेईना.

"काका, नुसती हवा भरून भागणार नाही," तो म्हणाला. "दोन्ही टायर गेलेत."

चकाचक, म्हणजे हे काका, अजून धापा टाकत होते. मोटरसायकल त्यांनी घरापासून ढकलत आणली होती, कारण ती चालवायची कशी हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागचा टायर जरा बसल्यासारखा दिसला म्हणून हवा भरायला ते आले होते आणि हा भला माणूस टायरच गेले म्हणून सांगत होता. म्हातारं गिऱ्हाईक बघून याने जाळं टाकलंय, असं त्यांना आधी वाटलं.

"अरे, टायरवरची नक्षी बघ की जरा," ते म्हणाले. "नवी कोरी आहे. काही महिने चालली असेल नसेल, तेव्हापासून गाडी उभीच आहे. न चालता टायर जातो कसा?"

नक्षी नवी आहे, हे टायरवाल्याने मान्य केलं. पण सगळेच टायर झिजून जात नाहीत, काही असे बाजूने जातात, असं सांगत त्याने मागचा टायरही दाबून दाखवला. तिथे तर भेगांची जाळी झाली होती. असल्या टायरवर कुणी वेगात गेलं आणि मध्ये खड्डा आला, तर बाजू फाटायची आणि पुढे चालवणाऱ्याचं नशीब. एवढ्या लवकर सहसा असं होत नाही, हेही तो बोलता बोलता बोलून गेला.

हे शेवटचं वाक्य चकाचकांनी बरोबर उचललं. सहसा होत नाही म्हणजे माल खराब, आणि माल खराब म्हणजे कंपनीने गुमान बदलून द्यायला हवा. टायरवाल्याने डोकं खाजवलं. गुरुवारी कंपनीचा तपासनीस येतो, लोकांनी परत आणलेले टायर बघतो, त्याला दाखवू, असं त्याने सुचवलं.

"दाखवू. पण शनिवारी माझी पोरगी येते," चकाचक म्हणाले. "शनिवारी गाडी तयार पाहिजे."

चकाचक हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत गाड्या धुण्यात त्यांचा जन्म गेला आणि तिथल्या ड्रायव्हरांनी त्यांचं हे नामकरण केलं. चिखलाने लडबडलेली बस त्यांच्या हाताखालून गेली की ओळखू यायची नाही. ड्रायव्हर लोक भांडून आपली गाडी त्यांच्याकडे लावायचे. साहेबांची तपासणी असली की बाकीचे धुलाईवाले पाण्याचा फवारा मारून मोकळे व्हायचे, पण चकाचकांचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. एका डब्यात डिझेल घ्यायचं, त्यात इंजिनातून काढलेलं थोडं जळकं ऑइल कालवायचं, सुती फडकं बुडवून पिळायचं आणि टायरच्या बाजूंवरून गोल गोल फिरवायचं. टायर असे काळेभोर निघायचे की साहेबांची नजर आधी तिथेच जायची. मग बाकीच्या गाडीकडेही ते जरा प्रेमानेच बघायचे आणि एखादा पोचा आला असला तरी सोडून द्यायचे. हे मिश्रण चकाचकांना कुणी शिकवलं नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढलेली अशी तेवढी एकच गोष्ट होती, त्यामुळे तिचा त्यांना अभिमानही तसाच होता.

बायको लवकर गेली. मुलीला सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली की ती डेपोत यायची आणि रिकाम्या बसमध्ये बसून अभ्यास करायची. अभ्यासाचा कंटाळा आला की उतरायची आणि बापाने धुतलेल्या बसभोवती हात मागे बांधून फेरी मारायची. मडगार्डच्या आतून बोट फिरवायची आणि ते बोट वर धरून म्हणायची, इथे राहिलंय. तेव्हापासून चकाचक तिला साहेब म्हणत. फिटर लोकांच्या घोळक्यात उभी राहून राहून ती यंत्रांच्या नादाला लागली, पुढे तेच शिकली आणि दवाखान्यांमधली मोठमोठी यंत्रं दुरुस्त करू लागली. स्वतःच्या पगारातून तिने मोटरसायकल घेतली, तेव्हा गल्लीतल्या बायकामाणसांच्या जिभेला चांगलंच काम मिळालं. चकाचकांना त्याची गंमत वाटायची. पोरगी गल्लीतून भुर्रकन निघून गेली की ते मुद्दाम थोडा वेळ दारात उभे राहायचे, कोण कोण बघतंय ते बघायला.

मग तिला परदेशात नोकरी लागली. जाताना तिने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, गाडी जपा. आले की मलाच लागणार आहे."

या एका वाक्यावर चकाचक जगत होते असं म्हटलं तरी चालेल. त्यांचं गणित अगदी साधं होतं. ज्याला परत यायचं नसतं, तो मागचं सगळं विकूनटाकून जातो. पोरीने गाडी विकली नव्हती. म्हणजे पोरगी परत येणार होती. गाडी इमारतीच्या जिन्याखाली उभी आहे तोवर ती नुसती लांब गेलेली आहे, कायमची गेलेली नाही. शेजारपाजारचे लोक हल्ली जरा सांभाळूनच विचारायचे की काय, लेक येणार का इकडे, का तिकडचीच झाली? चकाचक काही न बोलता जिन्याखाली बोट दाखवायचे.

तिथे गाडी होतीही तशीच. ना ऊन लागायचं, ना पाऊस. शेजारी इमारतीची पाण्याची मोटार होती, ती दिवसातून दोनदा घरघरायची, तेवढाच काय तो तिला शेजार. रोज सकाळी तोंड धुतलं की चकाचक डबा आणि फडकं घेऊन तिच्यापुढे बसायचे. टाकी, हँडल, आरसे कोरड्या कापडाने आणि मग शेवटी टायर, त्यांच्या खास पद्धतीने. पोरगी फोनवर म्हणायची की बाबा, अधूनमधून कुणाला तरी एखादी चक्कर मारायला सांगत जा. ते हो हो म्हणायचे, आणि गाडीला हात मात्र कुणालाही लावू देत नसत.

गुरुवारी ते पुन्हा गाडी ढकलत घेऊन दुकान उघडण्याआधीच जाऊन बसले. तपासनीस आला तो पाठीला पिशवी लावलेला, दमल्या चेहऱ्याचा माणूस होता. कोपऱ्यात परत आलेल्या टायरांची रास होती. तो एकेक टायर उचलायचा, आत बाहेर बघायचा आणि खडूने फुली मारून बाजूला ठेवायचा. फुली म्हणजे कंपनीचा दोष नाही, असं टायरवाल्याने हळूच सांगितलं. पण आपली गोष्ट वेगळी, आपण काही टायर वाटेल तसा वापरला नाही, असा धीर त्यांनी स्वतःलाच दिला.

त्यांच्या गाडीपाशी आल्यावर तपासनिसाने टायर दाबून बघितला. मग नाक जवळ नेऊन वास घेतला.

"काका, याला काय लावता?"

चकाचकांना तो प्रश्न ऐकून बरंच वाटलं. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी हातचं काही न राखता सगळं सांगितलं, डिझेल किती, ऑइल किती, फडकं सुतीच का लागतं आणि हात एकाच दिशेने का फिरवायचा. रोज सकाळी, एक दिवस चुकवलेला नाही, हेही सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की टायरवाला दुसरीकडे बघतोय आणि तपासनिसाने खडू हातात तसाच धरून ठेवलाय.

गाडी कुठे असते, किती चालते, असं तपासनिसाने विचारलं. चकाचकांनी तेही सांगितलं, पण आता त्यांचा आवाज जरा उतरला होता.

"टायर खराब नव्हता, काका," तपासनीस म्हणाला. "रबरात बनवतानाच मेणासारखं काहीतरी घातलेलं असतं, ते त्याला जपतं. टायर रस्त्यावर फिरला, दबला, सुटला, की ते आतून थोडं थोडं वर येतं. तुमचा टायर फिरलाच नाही. आणि जे काही वर आलं असेल ते तुम्ही रोज डिझेलने पुसून काढलंत."

पाण्याच्या मोटारीचंही त्याने सांगितलं. मोटारीत ठिणग्या उडतात, त्यांनी आसपासची हवा बिघडते आणि ती हवा रबराला चिरत जाते. चकाचकांनी गाडीला उन्हापावसापासून वाचवून नेमकं तिच्या वैऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसवलं होतं.

त्यांना लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती.

"आमच्या बसगाड्यांनाही मी हेच लावायचो," ते शेवटी म्हणाले. "माणसं भरलेली असायची त्यांत."

तपासनिसाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "त्या रोज पळायच्या ना, काका? त्यांचे टायर झिजूनच निघायचे. त्यांना काही झालं नसणार."

हे खरं होतं की म्हाताऱ्याचं तोंड बघून म्हटलेलं होतं, ते चकाचकांना कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. तपासनिसाने टायरवर फुली मारली. ते त्याचं कामच होतं.

त्याच दिवशी त्यांनी पदरचे पैसे घालून दोन्ही टायर नवे बसवून घेतले. डिझेलचा डबा टायरवाल्याला देऊन टाकला आणि गाडी ढकलत घरी आणली. या वेळी ती जिन्याखाली न लावता दारासमोर लावली. शुक्रवारी सकाळी तोंड धुऊन ते सवयीने बाहेर आले आणि गाडीसमोर बसले. हाताला काही काम नव्हतं. नव्या टायरवर धूळ बसली होती ती त्यांना दिसत होती, पण हात लावायची छाती होईना. आयुष्यभर एकच गोष्ट आपल्याला चांगली येते असं वाटत होतं, तीच आता अंगलट आली होती. चांगलं करायला गेलो आणि पोरीची गाडी आपणच मारली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. तिला हे कळता कामा नये, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी पोरगी आली. वाळली होती, केस कापले होते, पण हसणं तेच होतं. बॅग खाली ठेवायच्या आधी ती गाडीभोवती फिरली, हात मागे बांधून. मग खाली वाकली.

"टायर नवे?"

"कंपनीने बदलून दिले," चकाचक म्हणाले. "माल खराब निघाला."

साहेबांशी ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते. तिने मान डोलावली आणि किल्ली मागितली.

पुढचे काही दिवस चकाचकांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले गेले, हे सांगायलाच हवं. ते कधी या गाडीवर बसले नव्हते. पोरीने त्यांना मागे बसवलं, पाय कुठे ठेवायचे ते दाखवलं आणि वळणावर उलट्या बाजूला झुकू नका म्हणून तंबी दिली. ते उलट्याच बाजूला झुकले. ती ओरडली, ते हसले, आणि भर रस्त्यात म्हातारा माणूस एवढा कशाला हसतोय म्हणून लोक बघायला लागले. दोघं डेपोवर जाऊन आले. जुना एक फिटर भेटला, त्याने चहा पाजला आणि लेकीला विचारलं, आता इथेच ना? ती चहा पीत राहिली. चकाचकांनीच उत्तर दिलं की हो हो, थोडं तिकडचं आवरलं की इथेच. घरी येताना तिने गाडी फार हळू चालवली, पण त्यांना वाटलं, ती आपल्यासाठीच हळू चालवतेय.

दोन दिवसांनी ती एकटीच हवा भरायला गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. गाडी लावली आणि आत न येता जिन्याच्या पायरीवर बसली. चकाचक बाहेर आले. तिचे डोळे लाल होते.

"टायरवाल्यांनी मला सगळं सांगितलं, बाबा."

चकाचक तिच्याशेजारी बसले.

"रोज पुसत होतात?"

"रोज."

"का पण? मी फोनवर सांगत होते ना की कुणाला तरी चालवायला द्या?"

"तू आलीस की तुला लागणार होती," ते म्हणाले. "तूच म्हणाली होतीस."

ती रडायला लागली. लहानपणी आई गेली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती, निदान त्यांच्यासमोर नाही. त्यांना वाटलं, टायरसाठी रडतेय. ते म्हणाले की अगं, जाऊ दे, नवे घातलेत ना. त्यावर तिने मान हलवली आणि बराच वेळ नुसती हलवत राहिली.

"मी ठरवून आले होते, बाबा. पुढच्या वर्षी येते म्हणायचं आणि निघून जायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पण आता मला तसं जाता येणार नाही. मी तिथेच राहणार आहे. परत यायचं नाही माझं."

मग बाकीचं तिने तुटक तुटक सांगितलं. तिथे एक माणूस आहे, तिच्याच कामातला, चांगला आहे. दोघांनी मिळून घर बघितलंय. तुम्हीही चला, असं ती म्हणाली आणि ती मनापासून म्हणत होती, हे चकाचकांना दिसत होतं. ते बघू म्हणाले. त्या बघूचा अर्थ दोघांनाही कळला. तिथे जाऊन हा माणूस काय करणार होता? भाषा नाही, ओळख नाही, पुसायला चार चाकंसुद्धा आपली नाहीत.

चकाचकांना फार वाईट वाटलं. पण एक गोष्ट त्यांची त्यांनाच नवल वाटण्यासारखी होती. त्यांना तिचा राग आला नाही. आपण रोज सकाळी एवढं मन लावून काय करत होतो, ते त्यांना आता दिसत होतं. ती तिकडे राबत होती, नवी माणसं जोडत होती, घर बघत होती, आणि ते तिला इथे जिन्याखाली उभी करून ठेवायला बघत होते.

"मग गाडी विकून टाक, साहेब," ते म्हणाले. "उभी राहिली तर हेही टायर जातील."

गाडी बघायला दोघेजण आले. एक बंगल्यातला हौशी माणूस होता. त्याच्याकडे आणखीही गाड्या होत्या. सुटीच्या दिवशी फिरायला बरी, असं तो म्हणाला आणि जास्त पैसेही देत होता. दुसरा घरोघरी पार्सल पोचवणारा, त्याची जुनी गाडी मोडीत निघाली होती. पोरीने बापाकडे पाहिलं. चकाचकांनी पार्सलवाल्याला विचारलं की दिवसभर चालवणार का. तो हसून म्हणाला, चालवली नाही तर खाऊ काय? चकाचकांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. टायरची हवा बघत जा, एवढंच त्यांनी सांगितलं. त्याने मोठ्या उत्साहाने विचारलं की आणखी काय काळजी घेऊ, काका, काही लावायचं वगैरे असतं का?

"काही लावायचं नाही," चकाचक म्हणाले. "चालवायची."

पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती बघत राहिली. चकाचक मात्र तिच्याकडे बघत होते. तीन दिवसांनी तीही गेली. निघताना ती पुन्हा पुन्हा सांगत होती की दर रविवारी फोन करेन, आणि ते म्हणत होते की रविवारी तुलाही आराम लागेल, जमेल तेव्हा कर. टॅक्सीत बसल्यावर तिने काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चकाचक तोंड धुऊन बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. पाण्याची मोटार घरघरत होती. जिन्याखाली गाडीची जागा मोकळी होती.

वरच्या मजल्यावर नुकतंच बाळ झालेलं एक बिऱ्हाड राहत होतं. तिथल्या बाई एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने त्याची ढकलगाडी सावरत बाहेरून आल्या. ढकलगाडी रोज जिन्यावरून वरखाली करताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. त्या थांबल्या, जिन्याखाली पाहिलं आणि जरा अवघडूनच म्हणाल्या, "काका, ही जागा आता रिकामीच असणार ना? आम्ही ही इथे ठेवली तर चालेल का?"

चकाचकांनी एकदा त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"ठेवा की," ते म्हणाले. "उद्यापासून ठेवा. आजचा दिवस राहू दे."

चकाचक उठले, त्यांनी ढकलगाडी उचलली आणि बाईंच्या मागोमाग एकेक पायरी चढत ती वर नेऊन ठेवली.